बॉम्ब फोडायचा की कॉम्प्युटरचं ऐकायचं?

३० ऑक्टोबर २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी अण्वस्त्र चाचण्या पुन्हा सुरू करायचं फर्मान सोडलं. मग ऊर्जामंत्री ख्रिस राइट यांना खुलासा करावा लागला, की प्रत्यक्ष अणुस्फोट होणार नाहीत. अमेरिकेने शेवटचा अणुस्फोट केला १९९२ मध्ये, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधी. मग जुने बॉम्ब अजून चालतील, हे इतकी वर्षं ठरवतंय कोण? बऱ्याच अंशी कॉम्प्युटर.

त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे बघायचं तर कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत डोकवा. अण्वस्त्रं आखणाऱ्या या प्रयोगशाळेत १९२ लेसर किरण सेंटिमीटरभर उंचीच्या सोन्याच्या पोकळ नळकांडीत सोडतात. ते आतल्या भिंतीवर आदळतात, सोनं लाखो अंश तापतं आणि एक्स-रे फेकतं. त्यामुळे मधोमध ठेवलेली मिरीच्या दाण्याएवढी गोळी चेपते आणि आतल्या हायड्रोजनचं फ्युजन होतं. ऐकायला सोप्पं! पण तापलेलं सोनं भिंतीला चिकटून थोडंच राहतं? त्याचा प्लाझ्मा होऊन आत फुगत येतो आणि मागून येणाऱ्या लेसरचीच वाट अडवतो. काही प्रकाश तर आला तसा परत जातो. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही अब्जांश भागात आटोपतो. सिम्युलेशन लिहिणाऱ्यांचा घाम निघतो तो इथेच.

२०१२ पर्यंत ठिणगी पडेल, असं त्यांचे कोड सांगत होते. पडली नाही. गोळी सगळीकडून सारखी चेपतच नव्हती. पुढची दहा वर्षं प्रत्येक शॉटची मोजमापं घेऊन कोड सुधारत नेले. ५ डिसेंबर २०२२ च्या शॉटआधी कॉम्प्युटरने यशाची शक्यता निम्म्याहून जास्त सांगितली होती. त्या दिवशी २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा आत गेली, ३.१५ बाहेर आली. (लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले गेले होते, तेव्हा ‘फुकट वीज’वाल्या रील्स खुशाल स्क्रोल करा.)

म्हणून मला वाटतं, अणुस्फोटाची गरज नाही. पण नुसत्या स्क्रीनवरही भागत नाही. कोडला खोटं पाडू शकेल असा प्रयोग हाताशी लागतोच.

हा प्रश्न आपलाही आहे बरं का. १३ मे १९९८ ला पोखरणमध्ये दोन छोटे स्फोट झाले, तेव्हा कॉम्प्युटर सिम्युलेशन सुधारण्यासाठी जास्तीचा डेटा मिळवणं हा हेतू असल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. त्यानंतर आपण स्वतःहून चाचण्या थांबवल्या. २००९ मध्ये डीआरडीओचे माजी शास्त्रज्ञ के. संथानम यांनी ११ मे १९९८ च्या हायड्रोजन बॉम्बच्या ताकदीच्या आकड्यांवर शंका घेतली, सरकारने ती फेटाळली. लिव्हरमोरचा अंदाज चुकला हे जगाला कळलं, कारण फ्युजनच्या शॉट्सचे निकाल जर्नलमध्ये छापून येतात. बॉम्बच्या कोडचं तसं नाही. तिथलेही नाही आणि आपलेही नाही.