निजामाचं सार्वभौमत्व आणि बीडची रयत

दर १७ सप्टेंबरला बीडमध्ये झेंडावंदन होतं, मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. पण १५ ऑगस्ट १९४७ ला बीड नेमकं कोणत्या देशात होतं, हा प्रश्न त्या दिवशी कुणी शाळकरी मुलांना विचारत नाही. विचारायला हवा.

बीड तेव्हा भारतातही नव्हतं आणि पाकिस्तानातही नव्हतं, ते हैदराबाद संस्थानात होतं. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यातल्या कलम ७ ने संस्थानांवरची ब्रिटिशांची अधिसत्ता संपवली, पण ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. याच फटीवर बोट ठेवून हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ च्या फर्मानात जाहीर केलं, की अधिसत्ता संपताच आपण स्वतंत्र सार्वभौम होऊ. हा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, दीड कोटीहून जास्त प्रजा, स्वतःचं सैन्य, टपाल, रेल्वे. ब्रिटिश मुलखातल्या नगर जिल्ह्याच्या हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, वसूल होई. इकडचा रुपया हाली, पलीकडचा कलदार.

मग याला देश का म्हणायचं नाही? तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू अशा भाषांची मोट बांधलेली होती, ती सुटणारच होती, असं उत्तर आपल्याकडे हमखास मिळतं. मला ते मुळीच पटत नाही. भारत त्याहून कितीतरी बहुभाषक आहे आणि उभा आहे. हैदराबाद कोसळलं, कारण तिथल्या सत्तेने रयतेची संमती कधी मागितलीच नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली होती! मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ याच मुद्द्यावर लढले: राज्य जनतेचं की गादीचं?

निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये भारताविरुद्धची आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली. परिषदेने ती १६ सप्टेंबरला ऐकायला घेतली, तेव्हा ‘पोलीस अ‍ॅक्शन’च्या नावाखाली भारतीय फौजा संस्थानात शिरून चौथा दिवस उजाडला होता. दुसऱ्या दिवशी शरणागती झाली.

आपण गोष्ट इथेच संपवतो, आणि हे मला फार लागतं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अत्याचार गावोगाव सांगितले जातात, ते सांगितलेच पाहिजेत. पण पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरलं, त्याबद्दल आपण गप्प राहतो. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद आणि नांदेडची नावं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आहेत, आणि बाधित जिल्ह्यांत आपल्या बीडचंही आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. रयतेच्या नावाने मिळवलेलं सार्वभौमत्व त्याच रयतेतल्या एका भागाला वाचवू शकलं नाही, ही मुक्तिसंग्रामाच्या इतिहासातली उणीव आहे आणि ती लपवून हुतात्म्यांचा मान वाढत नाही.

जुने कागद नकोसे असतात असंही नाही. कुळाच्या वादात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आजही काढला जातो. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी सरकारने २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला, तेव्हा निजामाच्या दप्तरातल्या नोंदी बीडच्या पारापारांवर चर्चेला आल्या. हक्कासाठी ते दप्तर उघडणाऱ्यांनी १९४८ ची पानंही उघडावीत.

ते दिवस कळत्या वयात पाहिलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळीच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: विद्यार्थ्यांना घेऊन या वृद्धांच्या घरी जा, वाड्यातही आणि मोहल्ल्यातही, आणि त्यांचं म्हणणं या वर्षीच नोंदवून घ्या.