निर्णय आधी, चर्चा मैदानात

२०२४ च्या शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, शाळाशाळांत गुरुजींचे सत्कार चालू असताना शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा, मानधन महिना पंधरा हजार. त्यानंतर वीस दिवसांनी, २५ सप्टेंबरला, राज्यभरातल्या प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. मोर्चाच्या तोंडावर वीसचा आकडा दहावर आला. पुढच्या फेब्रुवारीत कंत्राटी नेमणुकीचा निर्णयच रद्द झाला.

जे शासनाला फेब्रुवारीत पटले, ते आदल्या ऑगस्टमध्येही पटू शकले असते. पण मसुदा शिक्षकांच्या प्रतिनिधींपुढे ठेवायचा, त्यांचे आक्षेप लेखी घ्यायचे, त्यांना लेखी उत्तर द्यायचे आणि मगच निर्णय काढायचा, असे बंधन शासनावर कुठेच नाही. त्यामुळे निर्णय आधी येतो आणि त्याची चर्चा आझाद मैदानावर किंवा जिल्हाधिकारी कचेरीच्या फाटकाबाहेर होते. मधल्या काळात शाळा एक दिवस बंद राहते, शिक्षकाचा पगार कापला जाण्याची टांगती तलवार राहते, आणि त्या कंत्राटी जागांवर आशा लावून बसलेल्या डी.एड., बी.एड. झालेल्या तरुणांची परवड होते ती वेगळीच.

शिक्षकांच्या मागण्या बऱ्या की वाईट, हा वाद आपण वर्षानुवर्षे घालतो. त्यांना मागणी मांडायला हक्काची जागा आहे का, हे मात्र विचारत नाही. आमच्या मते मूळ दुखणे तिथेच आहे.

पगाराचेच पाहा. जिल्हा परिषदेच्या नियमित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपयांपासून सुरू होते आणि वर भत्ते मिळतात. हा पगार कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण या पगारापर्यंत पोचण्याआधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. २००० सालापासून ही योजना राज्यात आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला दशकाहून अधिक काळ महिन्याला सहा हजार रुपये मिळत होते. तोच फळा, तीच हजेरी, तोच अभ्यासक्रम, आणि बहुतेक वेळा घरापासून दोनतीनशे किलोमीटरवरचे गाव, जिथे खोली भाड्याने घेऊन राहायचे. २०२३ च्या जानेवारीपासून हे मानधन सोळा हजार झाले, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार. वाढ स्वागतार्हच होती. पण सहा हजारांत चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने संसार कसा करायचा, हे विचारायला दहा वर्षे लागली. कारण ज्यांचे ते मानधन होते त्यांनी कोणाकडे जायचे, हे ठरलेले नव्हते. आणि परिवीक्षेचा काळ संपून कायम व्हायचे असल्यामुळे शिक्षणसेवक मोर्चात पुढे उभा राहायला घाबरतो, हेही आपण समजून घ्यायला हवे. ज्याला सगळ्यात कमी मिळते त्याचाच आवाज सगळ्यात बारीक असतो.

कामाच्या ओझ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण शाळेबाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज कोणतेही अशैक्षणिक काम देता येत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात आठवड्याचे पंचेचाळीस तास सांगितले आहेत, त्यात पाठाच्या तयारीचा वेळही धरला आहे. मतदारयादीच्या कामाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले, की शिक्षकांना हे काम सुटीच्या व विनाअध्यापनाच्या दिवशी द्यावे, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये. असे असूनही बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून वर्षभर दारोदार फिरणारा शिक्षक आपल्याला प्रत्येक तालुक्यात भेटतो.

निवडणूक निदान कायद्यात लिहिलेली आहे. खरा वेळ जातो तो न लिहिलेल्या कामांत. द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. दोन शिक्षक, पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे वर्ग, आणि दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. पोषण आहारात किती मुले जेवली, तांदूळ किती शिजला, किती उरला, याची रोजची नोंद. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ ही पोर्टले. २०२३ च्या डिसेंबरपासून हजेरी चॅटबॉटवर भरण्याचा आदेश, पुढे प्रत्येक मुलाचा ‘अपार’ ओळखक्रमांक. त्यात केंद्रप्रमुखांचा निरोप येतो, ‘माहिती आजच्या आज पाठवा’, आणि गावात रेंज मिळते ती टेकडीवर. प्रभारी शिक्षक तिकडे गेला, की चारही वर्ग एका शिक्षिकेच्या अंगावर पडतात. त्या दिवशी तिने चौथीला भागाकार शिकवावा की पहिलीचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे?

यातले एक काम तर असे आहे, की शिक्षकाला ते टाळताच येत नाही. मुलाच्या आधारवरचे नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली नाही, तर ते मूल ‘आधार अवैध’ ठरते. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार वैध असलेल्या मुलांचाच पट धरला जातो. मूल रोज वर्गात येऊन बसते, पण एका अक्षराच्या चुकीमुळे मोजले जात नाही, आणि पट रेषेखाली गेला की पद जाते. म्हणून शिक्षक पालकाला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर खेटे घालतो. बीड जिल्ह्यात, जिथे आईबाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, तिथे पालक सापडणे हेच मुश्कील. त्याच काळात मुलांनी आईबापांबरोबर जाऊ नये म्हणून हंगामी वसतिगृहाची खटपटही याच शिक्षकाने करायची असते.

यावर १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला. त्यातल्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुले असतील, तर त्या गटाला एकही शिक्षक मंजूर होत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट याच वर्गांसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना किमान एकेक शिक्षक असावा असे सांगते. डोंगरातल्या वाडीवर सातवीत चार मुली असतील, तर त्यांनी काय करायचे, हे ज्यांना रोज त्या मुलींकडे पाहावे लागते त्यांना निकष ठरवण्याआधी विचारलेच पाहिजे. हा प्रश्न जेवढा नोकरीच्या अटींचा आहे, तेवढाच त्या चार मुलींच्या दहावीचा आहे. शिक्षक आपल्या पदासाठी भांडतो तेव्हा तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी वर्गासाठीही भांडत असतो. हे आमचे भाबडे मत नाही, संचमान्यतेचे गणितच तसे आहे.

आता कायद्याकडे येऊ. कारखान्यातल्या कामगाराला मालकाशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा मार्ग औद्योगिक विवाद कायद्याने १९४७ पासून दिला होता. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था या कायद्याखाली ‘उद्योग’ ठरवल्या. पण दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, गोव्यातल्या एका शाळेतील शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की शिक्षकाचे काम अंगमेहनतीचे नाही, तांत्रिक नाही, कारकुनी नाही, देखरेखीचेही नाही, म्हणून शिक्षक ‘कामगार’ नाही. त्यामुळे शाळेचा कारकून या कायद्याच्या दारात उभा राहू शकत होता, शिक्षिका नाही. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने तीस टक्के सभासद असलेल्या कामगार संघटनेला मान्यता देण्याची रीत घालून दिली. तिचाही शिक्षकांना उपयोग नाही. खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याने शाळा न्यायाधिकरण मिळाले, आणि त्याने अनेकांची नोकरी वाचवली आहे. पण तिथे एकेकट्याची दाद लागते. सगळ्यांच्या पगाराचा, तासांचा, बदल्यांचा प्रश्न तिथे नेता येत नाही.

उरतो संप. तामिळनाडूत २००३ साली संपावर गेलेल्या सरकारी कर्मचारी व शिक्षकांना लाखांनी कामावरून काढले गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही असा निकाल दिला. तरीही २०२३ च्या १४ मार्चला ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत महाराष्ट्रातले लाखो कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर गेले. त्याच वेळी विधिमंडळाने अत्यावश्यक सेवांतील संप रोखणारे मेस्माचे विधेयक मंजूर केले. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन बंद होऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. अभ्यास समिती नेमली गेली ती संपाची वेळ आल्यावर. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या चोपन्न दिवसांच्या संपापासून राज्य हेच पाहत आले आहे: आधी अटीतटी, मग समिती.

संपाने गरिबांच्या मुलांचे नुकसान होते, हा आक्षेप खरा आहे आणि तो हलका मानता येणार नाही. ज्यांना परवडते त्यांची मुले केव्हाच दुसऱ्या शाळेत गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज शेतमजुराची, पारध्याची, ऊसतोड कामगाराची मुले आहेत. त्यांचा एक दिवसही वाया जाऊ नये. नेमके म्हणूनच आम्ही म्हणतो, की शिक्षकाला संपापर्यंत जाण्याची गरज पडू नये अशी व्यवस्था हवी. संपाचा हक्क काढून घ्यायचा असेल, तर त्या बदल्यात लवादाचा हक्क दिला पाहिजे. दोन्ही नाकारणे हा न्याय नाही.

अशी व्यवस्था या देशाला नवी नाही. केंद्र सरकारने १९६६ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा चालवली आहे; वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या विषयांवर मतभेद मिटला नाही, तर तिच्यात सक्तीच्या लवादाची तरतूद आहे. योगायोगाने त्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९६६ ला, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांनी शिक्षकांच्या दर्जाबद्दलची शिफारस स्वीकारली. शिक्षकांचे पगार आणि कामाच्या अटी त्यांच्या संघटनांशी वाटाघाटी करून ठरवाव्यात, असे तीत सांगितले आहे. जग त्या तारखेला शिक्षकदिन पाळते. संघटन आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय करार मात्र भारताने अजून मान्य केलेले नाहीत, आणि त्याचे कारण म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या निर्बंधांकडेच बोट दाखवले जाते.

शिक्षक संघटनांनाही दोन शब्द सांगायला हवेत. पक्षापक्षांत, जातीजातींत, पदवीधर आणि विनापदवीधर अशा गटांत त्या इतक्या विखुरल्या आहेत, की शासनाने चर्चेला बोलवायचे म्हटले तर कोणाला बोलवावे असा प्रश्न पडावा. काही पुढाऱ्यांचा वेळ बदल्यांच्या शिफारशीत जातो. शिक्षणसेवक आणि कंत्राटी शिक्षक यांचे प्रश्न कायम शिक्षकांच्या मागण्यांच्या यादीत शेवटी येतात, हे आम्हाला फार खटकते. मान्यता हवी असेल तर सभासदांच्या गुप्त मतदानाला सामोरे जावे, आणि त्या मतदानात शिक्षणसेवकाला पूर्ण मत असावे.

आणखी एक अन्याय राज्यघटनेच्या कलम १७१ मधला आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाच्या शाळेतल्या शिक्षकाला मत नाही. राज्यात सात शिक्षक आमदार आहेत. वाडीवस्तीवर पहिलीला अक्षर शिकवणारी शिक्षिका त्यांच्यापैकी एकालाही निवडू शकत नाही. ही दुरुस्ती संसदेच्या हाती आहे आणि तिला वेळ लागेल.

राज्याच्या हाती जे आहे त्याला वेळ लागण्याचे कारण नाही. पगार, कामाचे तास, संचमान्यता, बदल्या आणि ऑनलाइन कामे या विषयांवरचा कोणताही शासन निर्णय मान्यताप्राप्त संघटनांपुढे मसुदा ठेवून, साठ दिवस वाटाघाटी केल्याशिवाय निघणार नाही, आणि मतभेद उरला तर तो निवृत्त न्यायाधीशाच्या लवादाकडे जाईल, असा कायदा विधिमंडळाने करावा. तो होईपर्यंत निदान येत्या ३० सप्टेंबरची पटपडताळणी सुरू होण्याआधी शिक्षणमंत्र्यांनी संघटनांची पहिली बैठक बोलवावी, तिचे इतिवृत्त जाहीर करावे, आणि १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय तिच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर ठेवावा.