सृष्टीला माणूस हवाच होता काय?

सृष्टीचा सारा खटाटोप माणसासाठीच चालला होता, ही समजूत आपल्या अंगी इतकी मुरली आहे की, विज्ञानाचे पुस्तक उघडले तरी ती जात नाही.

6.6 कोटी वर्षांपूर्वी सुमारे 10 किलोमीटर रुंदीचा एक धोंडा आकाशातून आला आणि आजच्या मेक्सिकोतील युकातानच्या किनाऱ्यापाशी आदळला. धुळीने व काजळीने सूर्य झाकला, झाडझाडोरा करपला आणि पक्षी वगळता डायनोसॉरांचे सारे कूळ बुडाले. तो धोंडा चुकला असता तर? 1982 साली कॅनडातील डेल रसेल या शास्त्रज्ञाने याचे उत्तर पुतळा घडवूनच दिले. 'स्टेनोनिकोसॉरस' हा अंगाच्या मानाने मोठ्या मेंदूचा डायनोसॉर वाढत वाढत काय झाला असता? तर ताठ उभा, बिनशेपटीचा, वाटोळ्या डोक्याचा. थोडक्यात, सरड्याच्या कातडीचा माणूस!

वाचकहो, याला कल्पनाशक्ती म्हणावयाचे की आरसा?

या पक्षाचे म्हणणे असे की, शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी, तरी दोघांची ठेवण सारखीच. तशी बुद्धीही शेवटी माणसाच्याच साच्यात उतरली असती. युक्तिवाद गोंडस आहे, पण लंगडा. पाणी कापीत वेगाने जावयाचे तर अंग निमुळते हवे, ही पाण्याची सक्ती. 'माणूस व्हा' अशी सक्ती कोणी कोणावर केली होती? डायनोसॉर सुमारे 16 कोटी वर्षे नांदले. त्यांत शेपटी टाकून ताठ उभा राहिलेला एकही सापडलेला नाही. त्याच काळात आपले सस्तन पूर्वज बहुतांशी उंदराघुशींएवढेच राहिले. धोंडा चुकता, तर बहुधा तसेच राहते.

पुरावा हवा? न्यूझीलंड पाहा. माणूस पोहोचला तेव्हा तेथील रानांत वटवाघळांखेरीज सस्तन प्राणी नव्हते. सारे रान डायनोसॉरांच्या वारसांना, म्हणजे पक्ष्यांना, मोकळे होते. त्यांतून पिसांचा माणूस निघाला काय? नाही. निघाला मोआ, मान उंचावली तर 3 मीटरांहून उंच, पाला खाणारा, पंख पार गमावलेला. निघाला किवी, रात्री चोचीने गांडुळे हुंगत फिरणारा. आणि अक्कलच म्हणाल, तर आपल्या कौलावरचा कावळा पाहा. ती त्याला भरपूर आहे, आणि तिच्यासाठी त्याला हात फुटावे लागले नाहीत.

दिवाळीनिमित्त घरोघरी मुले जमली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. 'माणूस हा उत्क्रांतीचा मुकुटमणी' हे शिकविणे आता पुरे. आपण अटळ होतो असे ज्याला वाटते, त्याला बाकीचे सारे जीव फालतू वाटू लागतात. तेराव्या शतकाच्या सुमारास माणूस न्यूझीलंडात उतरला आणि साधारण 200 वर्षांत मोआ संपला. त्या खेपेस आकाशातून काही पडले नव्हते.

धोंड्याला निदान डोळे नव्हते. आपल्याला आहेत.