यंत्र 'नाही' म्हणाले, तर आजीने जायचे कुठे?

पाटण तालुक्यातील कोयना खोऱ्यात पावसाळ्यात अनेक वाड्यांवर रेंज जाते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर कित्येकदा मुंबईला कामावर असलेल्या मुलाच्या खिशात असतो. अशा ठिकाणी शिष्यवृत्ती, पेन्शन, पतसंस्थेचे खाते ई-केवायसीवर अडले, की प्रश्न निव्वळ तंत्रज्ञानाचा राहत नाही.

ओळख पडताळणी बसवताना संस्थांपुढे आज दोन मार्ग आहेत. 'नो-कोड' म्हणजे तयार सोय. प्रोग्रामर लागत नाही, काम लवकर सुरू होते. पण ओटीपी आला नाही तर पुढे काय, हे बरेचसे विकणारी कंपनी ठरवते. 'लो-कोड'मध्ये बहुतेक भाग तयार असतो, थोडा कोड लिहून आपले नियम घालता येतात. ओटीपी फसला तर आधारच्या क्यूआर कोडची ऑफलाइन पडताळणी; तीही जमली नाही तर अर्ज नामंजूर न होता कर्मचाऱ्याच्या टेबलावर. यात खर्च आणि देखभाल मात्र वाढते.

पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाचा लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात म्हटले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

म्हणून आम्हाला वाटते, मेळाव्याच्या नोंदणीला नो-कोड पुरे. जिथे हक्काचा पैसा अडू शकतो, तिथे लो-कोडचा जादा खर्च सोसावा. आपल्या संस्थेच्या सभेत ठराव आला, की किमतीआधी विचारा : यंत्राने 'नाही' म्हटल्यावर कोणता माणूस उत्तर देणार?