शब्दांची तालीम

नवीन शब्द शिकायचे तर यादी पाठ करा, असं आपल्यापैकी बहुतेकांना कॉलेजात कोणीतरी सांगितलेलं असतं. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होस्टेलच्या दर दुसऱ्या खोलीत बॅरन्सची ३५०० इंग्रजी शब्दांची यादी सापडायची. शब्द, समोर अर्थ, खाली पुढचा शब्द. परीक्षा झाली की निम्मे शब्द आपोआप डिलीट! माझं स्पष्ट मत आहे की शब्द यादीतून येत नाहीत, ते गोष्टीतून येतात. आणि हे मला पटवलं ते एका मराठी कादंबरीने.

कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालची, एका वीकेंडात आरामात संपणारी. माणदेशातल्या धनगरांच्या गावात एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला येतो, तिथपासूनची ही गोष्ट. भाषा साधी, तरी शहरात वाढलेला माणूस दर दोन पानांनी अडखळतो.

'तालीम' हाच शब्द घ्या. आपल्याला माहीत असते ती नाटकाची तालीम. पुण्याच्या पेठांमध्ये फिरणाऱ्यांना पैलवानांचीही माहीत असेल. बनगरवाडीचा मास्तर गावाला हाताशी धरून तालमीची इमारत उभी करतो. आणि या शब्दाचा मूळ अरबी अर्थ काय, तर शिक्षण! म्हणजे मास्तराने तालीम बांधावी यात तसं वेगळं काहीच नाही.

दुसरा शब्द 'जू'. औताला जुंपलेल्या बैलांच्या मानेवर असतं ते आडवं लाकूड. शेकू धनगराकडे एकच बैल असतो. दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीने औत ओढते. 'पारतंत्र्याचं जोखड' हे आपण शाळेत इतिहासाच्या पेपरात दहा वेळा लिहिलं, मार्कही मिळवले. जोखड म्हणजे हे जूच. पण त्याला वजन असतं, ते माणसाच्याही वाट्याला येतं, हे मला शेकूच्या बायकोमुळे कळलं.

मग असे शब्द शोधायचा नादच लागतो. पेपरवाले 'महागाईला वेसण' लिहितात. वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी. मीटिंगमध्ये कोणीतरी चऱ्हाट वळत बसतो, ते चऱ्हाट म्हणजे जाड दोर. बैल हाकताना हातात धरायचा तो कासरा, गोठ्यात बांधायचं ते दावं. आपल्याकडे या सगळ्यांना मिळून एकच शब्द उरलाय, दोरी.

पद्धत म्हणाल तर सोपी आहे. शब्द अडला म्हणून लगेच थांबू नका. पेन्सिलने रेघ मारा आणि पुढे वाचा. बऱ्याचदा अर्थ पुढच्या पानावर आपसूक कळतो. नाहीच कळला तर मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघा. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर दोन्ही फुकट आहेत.

यावर माझ्या एका मित्राचा प्रश्न: "हे शब्द तू वापरणार कुठे? स्टँडअप कॉलमध्ये?"

नाही वापरणार. पण कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन गाव सोडतात. याला तिकडे 'जगायला जाणं' म्हणतात. आपण म्हणतो 'मायग्रेशन', आणि तोच शब्द आपण डेटाबेस हलवतानाही वापरतो. त्यात कोणाच्या पोटाचा प्रश्न ऐकू येत नाही. 'जगायला गेले' म्हटलं की मात्र लगेच कळतं, इथे राहिले असते तर जगले नसते. हिंजवडीत आपल्या ऑफिसशेजारी टॉवर बांधायला आलेल्यांमध्येही गावाहून जगायलाच आलेली कितीतरी माणसं असतात. हा शब्द माहीत असला की त्यांच्याकडे बघण्यात थोडा फरक पडतो. मला तरी पडला.

असो. या शनिवारी एखादी जुनी कादंबरी काढा. सोबत पेन्सिल ठेवा, यादी नको.