छापायला पैसे, वाचायलाही पैसे

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी पैसे काढून एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलमध्ये पेपर छापून आणला. तीन दिवसांत स्वीकारला, एकही दुरुस्ती नाही. प्रोजेक्टचे मार्क मिळाले. पेपर कुणी वाचला नाही. यूजीसीने 2018मध्ये मान्य यादीतून 4,305 जर्नल्स वगळली, 2025मध्ये केअर यादीच बंद केली. पण कॉलेजांची पेपर मोजायची सवय सुटली का?

आता कामासाठी खरं संशोधन वाचायला जावं, तर तिथेही पैसे मागतात. केंद्राने 2024मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी मंजूर केले. 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नल्स. पण पहिल्या टप्प्यात दार उघडलं ते सरकारी संस्थांनाच. या योजनेतून पवईच्या आयआयटीत जे वाचता येतं, ते मुलुंड-अंधेरीच्या खासगी कॉलेजातल्या पोरांना नाही, आणि कॉलेज सोडलेल्या माझ्यासारख्यांना तर नाहीच. कर मात्र सगळेच भरतो.

एवढ्या रकमेत परदेशी प्रकाशकांची वर्गणी भरण्यापेक्षा, सरकारी पैशातून झालेलं संशोधन सर्वांना फुकट वाचता येईल अशी सक्ती करा. आणि विद्यार्थ्याचा पेपर मोजू नका, वाचा.