करारातील अटी कोणी लिहावयाच्या?

शाळेत नवे संगणक आले की गावात पेढे वाटले जातात. ते संगणक कोणत्या करारान्वये आले, त्या करारात काय लिहिले होते आणि तो लिहिला जात असताना आपल्या बाजूचा कोणी माणूस तेथे होता काय, हे विचारण्याची प्रथा मात्र आपल्याकडे अद्याप पडलेली नाही. ती पडावी, एवढ्याचसाठी आम्ही हा विषय आज हाती घेतला आहे. शाळा, महाविद्यालये, नगरपालिका व ग्रामपंचायती यांनी यंत्रसामग्री एकत्रितपणे विकत घ्यावी, हे तत्त्व आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु एकत्र खरेदीने दर उतरतो, हे त्यातील अर्धे सत्य झाले. जो अटी लिहितो त्याच्याच गरजा भागतात, हे उरलेले अर्धे. आणि भैंसा व त्याच्या पंचक्रोशीतील मराठी शाळांच्या दृष्टीने हेच अधिक मोलाचे होय.

एकत्र खरेदीचे मर्म भैंशाच्या बाजारात वावरणाऱ्या माणसास नव्याने शिकवावयास नको. एक गाडी कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यास भाव ठरविता येत नाही. व्यापारी बोलेल तो भाव. विकणाऱ्याची जी गत, तीच घेणाऱ्याची. दोन संगणक मागणाऱ्या मुख्याध्यापकास दुकानदार सांगेल ती किंमत मोजावी लागते. दोन हजार मागणाऱ्यापुढे उत्पादक स्वतः येऊन बसतो. गाव करील ते राव काय करील, ही आपल्या वाडवडिलांची म्हण याच व्यवहारज्ञानातून जन्मली. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकाराचा कारखाना उभा केला, त्यामागेही हाच हिशेब होता.

सरकारने हा मार्ग पूर्वीच चोखाळला आहे. केंद्राच्या पुरवठा महासंचालनालयाने वस्तूंचे दर करार करावयाचे आणि खात्यांनी त्या दराने माल मागवावयाचा, अशी पद्धत कित्येक दशके चालली. ते महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. त्याची जागा ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ म्हणजे ‘जेम’ या सरकारी बाजारपेठेने घेतली. राज्य सरकारांची खाती व स्थानिक स्वराज्य संस्था तेथे खरेदी करू शकतात. एकाच निविदेत माल पोचविण्याची अनेक ठिकाणे नमूद करता येतात. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सहकारी संस्थांनाही तेथे खरेदीदार म्हणून प्रवेश दिला. म्हणजे दार उघडे आहे. आत जाऊन काय मागावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

कारण निविदेचा न्याय सरळ व निष्ठुर असतो. अटी पुऱ्या करणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. जे अटीत लिहिलेले नाही ते विक्रेता देत नाही, आणि त्यासाठी त्याला दोषही देता येत नाही. कळफलकावर देवनागरी अक्षरे हवीत असे लिहिले नसेल तर ती येणार नाहीत. यंत्र बिघडल्यास दुरुस्तीचा माणूस शाळेत यावा असे लिहिले नसेल, तर सुमारे अडीचशे किलोमीटरवरील हैदराबादेहून तो भैंशास का यावा? इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कळफलक केंद्र सरकारने १९८६ सालीच प्रमाण मानला. मोबाइल संचावर २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता आलाच पाहिजे, असा आदेश २०१६ साली निघाला. संगणकातही मराठीची सोय बहुधा विनामूल्य असतेच. परंतु ती सुरू करून देणे, कळांवर अक्षरे उमटविणे आणि शिक्षकास ती शिकविणे, हे ज्याने मागितले त्यालाच मिळते.

तेलंगण सरकारने ८ मार्च २०२२ रोजी ‘मन ऊरु मन बडी’ ही योजना आरंभिली, तेव्हा २६,०६५ शाळांसाठी ७,२८९ कोटी रुपयांचा संकल्प सोडण्यात आला; त्याच्या बारा कलमांत डिजिटल शिक्षणाचेही एक कलम होते. इतक्या विशाल आकड्यांत मूठभर मराठी शाळा कोणाच्या डोळ्यांत भरणार? यात कोणाचा दुष्टावा आहे असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या खरेदीत लहान गरज विसरली जाते, हा त्या यंत्रणेचा स्वभावच आहे. म्हणून ज्याची गरज लहान, त्याने आवाज मोठा केला पाहिजे. १९५६ साली मुधोळ तालुका नांदेडातून निघून आदिलाबादेत गेला. त्याच वर्षी सातव्या दुरुस्तीने घटनेत ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा भार राज्यांवर पडला. आज संगणकाचा पडदा हीही पाटीच आहे. ती पाटी मराठी समजत नसेल, तर ती सोय पुरेशी कशी म्हणावी?

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने केरळकडे पाहावे. तेथील ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०१८ साली ४,७५२ शाळांतील ४५,००० वर्ग सज्ज करण्याचे काम हाती घेतले. खरेदी एकत्र केली. पाच वर्षांची हमी, तक्रार नोंदविण्याचे केंद्र आणि दुरुस्तीस विलंब झाल्यास दंड, या गोष्टी करारातच घातल्या. त्या राज्यात संगणकाचे पाठ्यपुस्तक मल्याळम व इंग्रजीबरोबरच तमिळ आणि कन्नड माध्यमांतही निघते. कासरगोडच्या कन्नड मुलास जे मिळते, ते भैंशाच्या मराठी मुलास का मिळू नये?

अमेरिकेत याहून एक पाऊल पुढे गेले आहेत. राज्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांची संघटना तेथे १९४७ साली स्थापन झाली. तिच्या व्यवस्थेत एक राज्य पुढारपण घेऊन निविदा काढते, इतर राज्ये त्या करारात सामील होतात आणि सामील होताना स्वतःच्या अटींची पुरवणी जोडतात. दर सर्वांचा एक. अटी ज्याच्या त्याच्या. आम्हांस हवी आहे ती हीच पुरवणी.

एकत्र खरेदीवर घेतला जाणारा एक आक्षेप खरा आहे. एका ठिकाणी अडले की सर्वांचेच अडते. आमच्या शेजारच्या बासर येथील विद्यापीठाचे विद्यार्थी जून २०२२ मध्ये आठवडाभर आंदोलनास बसले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत लॅपटॉपही होते. ते मिळावयास वर्षअखेर उजाडली. तेव्हा माल पोचविण्याची मुदत व विलंबाचा दंड यांवाचूनचा करार म्हणजे कोरा कागद होय.

मग करावयाचे काय? पंचक्रोशीतील शाळांच्या व्यवस्थापन समित्या, महाविद्यालये व नगरपालिका यांनी वर्षारंभी एकत्र बसून गरजांची एकच यादी करावी. तेलुगु व उर्दू शाळांसही सोबत घ्यावे. बिघडलेले यंत्र कोणाची भाषा पाहून बिघडत नाही, आणि यादी जितकी मोठी तितके तिचे वजन अधिक. त्या यादीस चार अटी जोडाव्यात: मराठीसह शाळेच्या माध्यमभाषेची संपूर्ण सोय; पाच वर्षांची हमी; शाळेत येऊन ठरल्या मुदतीत दुरुस्ती; आणि शिक्षकांचे प्रशिक्षण. हे निवेदन निविदा निघण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या व शिक्षण खात्याच्या हाती पडले पाहिजे. नंतर दिलेले निवेदन म्हणजे वरातीमागून घोडे.

शेवटची गोष्ट मुख्याध्यापकांस. ‘जेम’वरील खरेदीत माल घेणाऱ्याने स्वीकृतीचा दाखला दिला की त्यानंतर दहा दिवसांत विक्रेत्यास पैसे द्यावयाचे, असा नियम आहे. म्हणजे तिजोरीची किल्ली त्या सहीत आहे. खोके न उघडता, यंत्र न चालविता, पडद्यावर मराठीची एक ओळ न उमटविता सही करणे म्हणजे मुलांचा हक्क आपल्या हाताने सोडून देणे. येत्या खरेदीत आमच्या पंचक्रोशीतील एकही सही अशी होऊ नये.